दुसरी किल्ली

त्याला नावं तीन होती.
बालमंदिराच्या कन्नड रजिस्टरात परसप्पा,
खानापूरच्या शाळेच्या दाखल्यावर परशराम,
आणि आधार कार्डावर नुसतंच परसू,
पुढे बाप नाही, मागे आडनाव नाही.

अठरा भरल्याच्या दुसऱ्या दिवशी
तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला,
फाईल क्रमांक एकशे सात.
हातात पत्र्याची ट्रंक. तिच्यात दोन शर्ट, एक टॉवेल,
आणि कॅरमची लाल राणी.
"ही कुणाची?"
"संस्थेची. निघताना खिशात आली."
मी यादीत राणी लिहिली नाही.

आधी कोर्टाकडे गेलो.
टायपिस्टनं कन्नडात मजकूर वाचून दाखवला,
मी त्याला मराठीत समजावला :
वर नमूद केलेले तिघेही इसम एकच आहेत.
परसू हसला.
"तिघं होतो म्हटल्यावर
एकाला तरी घरी ठेवून घ्यायचं होतं की, मॅडम."
स्टँपपेपरची शाई ओली होती. मी तिच्यावर फुंकर घालत बसले.

अनगोळात खोली बघायला गेलो तेव्हा
घरमालकीण मेथी निवडत होती.
मान वर न करताच तिनं विचारलं,
"कुणाचा गा तू?"
चा, ची, चे.
चौथीत षष्ठी त्यानं घडाघडा म्हटली असणार,
एकही प्रत्यय आता लागेना.
"माझ्याकडचा आहे," मी म्हटलं,
आणि मलाच ते थोडं कमी वाटलं.

मग फोन सुरू झाले.
भातात पाणी किती?
पेरभर वर.
आणि तांदूळ किती?
ह्याला मात्र मी अडखळले.
साठ पोरांचं पातेलं बघत वाढलेल्याला
एकट्यापुरतं म्हणजे केवढं
हे कुठल्या भाषेत सांगायचं?
पहिला आठवडाभर तो सकाळी शिळा भात खाऊन
उद्यमबागेत फौंड्रीला जायचा,
साच्याची काळी वाळू कानात घेऊन परत यायचा.

विजेचं बिल तीनशे बारा आलं. एक बल्ब, एक पंखा.
"रात्री बंद करत नाहीस?"
तो नखं बघत राहिला.
शेजारी कुणी घोरत नसेल तर झोप कशी लागते,
हे त्याला अजून जमायचं होतं.
अहवालात मी लिहिलं, वीज वापर : जास्त.
कारण : हा रकाना तसाच सोडला.

सगळं काही नीट चाललं असं नाही.
दुसऱ्या वर्षी तो म्हापशाला पळाला,
कुठल्याशा हॉटेलात कपबश्या धुवायला. फोन बंद.
संपर्क नाही, संपर्क नाही,
मी तारखा घालून लिहीत राहिले.
चार महिन्यांनी ऑफिसच्या पायरीवर सापडला,
गालफडं बसलेली, एका पायात वेगळीच चप्पल.
खूप बोलले त्याला. शिव्यासुद्धा दिल्या, खोटं कशाला सांगू.
तो म्हणाला, "बोला की अजून."

डिसेंबरात एकवीस भरली.
नियमाप्रमाणे शेवटची भेट.
पगाराच्या चिठ्ठ्या, पासबुक, मतदार कार्ड,
आणि सगळीकडे आता एकच नाव,
तेही त्यानंच निवडलेलं : परशराम.
मी खुणा करत गेले. निवारा, होय. रोजगार, होय. बचत, थोडी.
मदतीची गरज : नाही.
इथं पेन जरा थांबलं, पण खूण केली.

उठताना त्यानं खिशातून किल्ली काढली.
"मालकीण म्हणते, एक हरवली तर पंचाईत.
दुसरी घरच्या कुणाकडे तरी ठेवून ये म्हणाली."
टेबलावर ठेवली, आणि पाळी चुकेल म्हणत निघालासुद्धा.

असलं काही घेऊन ठेवायला परवानगी नाही.
तीन दिवस मी तेच स्वतःला सांगते आहे.
किल्ली पाकिटात घालून फाईलीत ठेवली,
नाडी बांधली.
एकशे सात बाकीच्यांच्या रांगेत बसत नाही,
मधेच उंचवटा येतो.