रकाना क्रमांक चार

डिसेंबरात ऑफिसचा फॉर्म येतो. त्यात चौथा रकाना:
या वर्षी आपण काय काय साध्य केलंत?
जागा चार ओळींची.
मागच्या वर्षी 'सर्व कामे वेळेत' एवढं लिहून
मी मोकळी झाले होते.

या वर्षी लिहिण्यासारखं आहे.

मार्चात, मोरकमच्या किनाऱ्यालगत,
दहा किलोमीटर धावले. एक तास एकवीस मिनिटं.
शेवटून सहावी,
पण माझ्या मागे पाच माणसं होती
आणि त्यातला एक तर तिशीतला.
सुतळी दोराच्या पलीकडे, डोरीन एन्टविसलच्या पायाशी.
उमेदीची वर्षं धावण्यात गेलेलं जनावर ते,
तोंडावर स्पष्ट दिसत होतं:
पुढे ससा नसताना
ही बाई पळतेय कशाला?

शर्यतीतून निवृत्त होऊन आली होती माझ्याकडे.
दोन्ही कानांच्या आत हिरवी गोंदलेली अक्षरं,
गोणीवर मारतात तशी.
कागदोपत्री तिचं नाव भलतंच, तीन शब्दांचं,
सट्टेवाल्यांनी ओरडावं असं.
मी म्हटलं, सुतळी.
अंगानं तेवढीच तर होती.

जूनमध्ये हिशेबाची शेवटची परीक्षा.
एकोणपन्नासाव्या वर्षी.
रात्री अकराला सोफ्यावर
चारी पाय वर करून ती पडलेली
आणि मी तिला मराठीत समजावतेय:
घसारा म्हणजे काय, सांग बरं?
वस्तू वापरली, की दर वर्षी
तिची किंमत थोडी थोडी उतरते.
ती जांभई द्यायची.
तिला ते कधी पटलं नाही.

मग मागचा उजवा पाय.
आधी लचक म्हणाले, मग हाड म्हणाले,
मग हाडातलं ते दुसरं नाव.
बसमध्ये उचलून चढवताना ती ओरडली,
त्या एकाच वेळी ओरडली,
आणि मी घरी येऊन
चार वेळा नापास झालेल्या परीक्षेचे पैसे पाचव्यांदा भरले.

ऑगस्टात लायसन्स.
परीक्षक मिस्टर हेस्केथ हसले नाहीत,
पेनाला टोपण लावता लावता म्हणाले,
आता घाबरत नाही तुम्ही.

नवव्या दिवशी
पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर कुणी नसताना
लँकेस्टरला गेले.
आरसा, इशारा, वळण.
आरशात ती,
लांबट नाक काचेला टेकवून,
काचेवर वाफेचं एक नाणं
येतंय, जातंय.
जाताना लून नदीवर स्कर्टन पूल लागतो.

डॉक्टर पोरगीच होती, तिचेच हात कापत होते.
बोला तिच्याशी, म्हणाली.
मी म्हटलं, झोप ग बये, मी आहे इथे.
कान तेवढा हलला, आतली हिरवी अक्षरं दिसली.
या गावात मराठी कळणारं
एक जण कमी झालं.
होतो दोघीच.

येताना दुसरा पूल. त्याचं नाव ग्रेहाउंड.
खरंच तेच नाव आहे, पाटी आहे तशी.
मी वेग पाळला, लेन पाळली,
आरशात मात्र पाहिलं नाही.
हेस्केथनं त्यासाठी नापास केलं असतं.
घरासमोर दोन गाड्यांच्या मधे
एका दमात गाडी लावली, कडेपासून वीतभर.
कधी जमलं नव्हतं ते मला.
इंजिन बंद करून
बराच वेळ पट्टा सोडला नाही.

तर चौथ्या रकान्यात
धावणं लिहिलं, परीक्षा लिहिली, लायसन्स लिहिलं.
एक ओळ उरली आहे.
साहेब वाचून म्हणतील, जोरात गेलं तुमचं वर्ष.
गेलंच.

सहा वाजले, दार वाजलं.
डोरीन, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी, बाहेर गारठा.
चार वर्षं कुंपणापलीकडून ऐकून ऐकून
तिला मराठीतला एक शब्द येतो.
तो ती आता मला म्हणते:
"चल."

बूट कुठे ठेवलेत मी?
फॉर्मला शुक्रवारपर्यंत मुदत आहे.