पेरेनियल

मॉर्पेथच्या अलीकडे, खाण बंद पडलेल्या गावात,
फेनिकच्या रोपवाटिकेत मी लेबलं लिहायचे.
एकोणीस वर्षांची होते, अक्षर बरं होतं.
पांढरी पट्टी, आणि कधीही न पुसणारी शाई,
जी दोन पावसांत पुसून जायची.
एकवर्षायू. द्विवर्षायू. पेरेनियल.
हा शेवटचा शब्द पट्टीत मावायचा नाही,
त्याचं शेपूट खाली वळायचं
आणि मातीत शिरायचं.

फेब्रुवारीत एल्सी डॉड्स आल्या.
काखेत कुंडी, कुंडीत एक करडी काडी.
"यावर पेरेनियल लिहिलंय. मेलं हे.
पैसे परत द्या."
पावती हातमोज्यात घडी घालून ठेवलेली.

मी शाळेत घोकलेलं सांगू लागले :
मूळ लॅटिन. वर्षांमधून, वर्षांच्या आरपार.
म्हणजे दीर्घकाळ टिकणारं.
"टिकलं नाही," त्या म्हणाल्या.
याला लॅटिनमध्ये उत्तर नव्हतं.

फेनिक मागच्या शेडमधून आला, हात पुसत,
काही न बोलता बोटानं माती उकरली.
खाली, तांदळाच्या कणीएवढा,
एक लालसर कोंब.
"मरतं की," तो म्हणाला. "दर हिवाळ्यात मरतं.
याला तेवढं चांगलं जमतं.
अजिबात न मरणारं हवं असेल तर ते एव्हरग्रीन,
तिकडे कुंपणापाशी. दीड पौंड महाग."

त्या हसल्या नाहीत.
कोंबाकडे पाहिलं, हिशेब तपासावा तसं,
मग पर्समधून कात्रण काढलं.
क्लबातलं लीकचं प्रदर्शन, निकाल,
आणि खाली बारीक टायपात :
*पेरेनियल उपविजेते, कथबर्ट डॉड्स.*
"बावीस वर्षं दुसरा.
आठवडाभर जेवताना बोलला नाही या शब्दापायी.
मी डिक्शनरी काढून वाचून दाखवलं,
अरे, चांगला आहे अर्थ.
म्हणाला, अर्थ चांगला आहे, वापर वाईट आहे."

नोव्हेंबरात गेला तो.
"मला पिओनी आवडत नाही," त्या म्हणाल्या,
"मुंग्या लागतात.
तो शब्द होता म्हणून घेतलं."

माझ्या अक्षरातला. शेपूट मातीत गेलेला.

मग कुंडी पुन्हा काखेत मारून दारात थांबल्या.
घरी शेडमध्ये त्याचा शेवटचा लीक होता,
फुलावर येऊ दिलेला;
बोंडाला बियांऐवजी गवतासारखी पिल्लं फुटलेली.
कथबर्टला ती त्याच्या बापाकडून आलेली,
बापाला शेजारच्या कोणाकडून, सिगारेटच्या पाकिटातून.
तोच लीक, तिसऱ्या माणसाच्या हातात.
"याच्या लेबलावर काय लिहिशील गं?"
माझ्याकडे तीनच शब्द होते.
मी कोरी पट्टी दिली.

सप्टेंबरात क्लबाच्या लांब टेबलावर
एल्सी डॉड्सनी जोडी मांडली,
मनगटाएवढी जाड, दुधासारखी पांढरी,
मुळं विंचरलेली.
दुसरा नंबर.

पेपरात एका ओळीत आलं : ई. डॉड्स, द्वितीय.
बाकी काही नाही.

सोमवारी सकाळी, नऊ वाजता ऑफिस उघडल्या उघडल्या,
त्यांनी पेपरवाल्यांना फोन केला.
"चूक नाही हो," म्हणाल्या,
"एक शब्द राहिलाय."