र-खालचा ठिपका

बेलापूरच्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर
दोन नंबरचा हॉल.
एक नंबरात कृत्रिम बुद्धिमत्ता होती,
तिथे माणसं पार जिन्यापर्यंत.
माझ्याकडे एकोणीस,
त्यातले तिघे फोन चार्ज करायला आलेले.

गळ्यात पट्टा, पट्ट्याला बिल्ला:
हर्षला तांडेल, वक्ता.
एरवी मी महाप्याला
बँकेच्या पावत्या छापणारा कोड लिहिते,
आणि रात्री भांडी झाल्यावर
जगात कुणीही फुकट वापरावी अशी
एक छोटीशी लायब्ररी दुरुस्त करत बसते.
फुकट म्हटलं की आई अजून दचकते.

प्रोजेक्टरनं आधी नुसतं निळं तोंड दाखवलं.
केबल बदलली. मग दुसरी केबल.
शेवटी मिसरूडही न फुटलेला एक स्वयंसेवक
वायरीचं टोक चिमटीत दाबून उभा राहिला,
म्हणाला, सोडलं तर जाईल, तुम्ही बोला.

मी बोलले. इंग्रजीत.
पाठ केलेलं पहिलं वाक्य नीट आलं,
दुसरं आलंच नाही,
तिसऱ्यानं सांभाळून घेतलं.
पडद्यावर दोन शब्द:

दऱ्या
दर्या

म्हटलं, हे बघा, आमच्या लायब्ररीला वाटायचं
र-खालचा ठिपका म्हणजे धूळ.
ती पुसायची.
आणि ट्रेकच्या माहितीत जिथे
किल्ल्याच्या तिन्ही अंगांना दऱ्या,
तिथे तिन्ही अंगांना
दर्या येऊन थांबायचा.

कुणी हसलं नाही.
दिवाळ्याच्या जेट्टीवर बाबा हसले होते,
जाळ्यातला खेकडा सोडवता सोडवता:
मंग काय वायट झाला? डोंगरान दर्या आला!
हे स्लाइडवर नव्हतं,
तोंडातून गेलं, तसंच, घरच्या बोलीत,
आणि हॉल पहिल्यांदा माझ्याकडे वळला,
चार्जिंगवाल्यांसकट.

मग तीतचं सांगितलं.
तो एस्टोनियात असतो, लायब्ररीची किल्ली त्याच्याकडे.
मी त्याला कोडची एक ओळ पाठवलेली
आणि ती का, याचे चार परिच्छेद:
आचाऱ्याला पगार देतात,
आचार्याला दक्षिणा,
मध्ये फक्त एक ठिपका आहे हो.
त्यानं कळवलं,
यातलं एक अक्षर मला वाचता येत नाही.
तुम्ही म्हणता, म्हणजे ठिपका असणार.
आणि ओळ आत घेतली.

इथे मला पाणी प्यावं लागलं.

प्रश्न एकच आला. मागून,
अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, एसीमुळे:
उद्या तुम्ही हे सोडलंत तर
कोण बघणार?
मी म्हटलं, ठाऊक नाही.
ते मान हलवून बसले,
जणू उत्तर बरोबर होतं.

टाळ्या एकोणीस माणसांच्या होतात तेवढ्या झाल्या.
पोरानं वायर सोडली, बोटं झटकली,
पडदा पुन्हा निळा.
जिन्यात पुलावाच्या रांगेत तो माझ्यामागेच.
मॅडम, एक विचारू?
आणि स्वतःचा बिल्ला पुढे केला.

ओंकार कुर्हाडे.

कुऱ्हाडीचं पातं गेलेलं.
दहावीच्या मार्कशीटवर असंच, म्हणाला,
बँकेत असंच, आता इथेपण.
बिल्ले कशानं छापले ते मी विचारलं,
आणि त्यानं नाव सांगितलं
आमच्याच लायब्ररीचं.

माझी ती ओळ फक्त य पुढे असला तरच बघत होती.
ह माझ्या डोक्यातच आला नव्हता.
एवढं वीस मिनिटं वर उभं राहून सांगितलं मी,
आणि हा खाली वायर धरून
चुकीच्या नावानं ऐकत होता.

पायरीवर बसलो. पुलाव बाजूला ठेवला.
लॅपटॉप त्याच्या मांडीवर दिला,
म्हटलं, ही ओळ. इथे.
तो म्हणाला, मला एवढं येत नाही अजून.
मी म्हटलं, हं.

बराच वेळ तो नुसता बघत राहिला.
मग एका बोटानं,
शोधत शोधत,
ह.