साथसंगत

पहिलं गाणं आम्ही रेकॉर्ड केलं
मुजम्मिलच्या चुलत्याच्या गोदामात, साखर पेठेत,
भिंतींना सेकंडच्या चादरी ठोकून.
काठ उसवलेल्या, मोर उलटे विणलेल्या,
एक्स्पोर्टमधून परत आलेल्या.
चादर आवाज पिते, हे कुणी शिकवलं नव्हतं.
घामही पिते. एप्रिल होता,
आणि पंखा बंद, कारण तो माइकमध्ये यायचा.

शेजारी चोवीस माग.
भार्गवी म्हणाली, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत गाऊ.
अर्ध्या तासात तीन टेक.
तिसऱ्याच्या शेवटच्या ओळीला
कुणीतरी लवकर जेवून आला, त्यानं खटका दाबला.
ती थांबली नाही.
मागाच्या लयीत शिरली, पदर खोचून शिरावं तशी.
मी हलगी खाली ठेवली.
माझं काम तो करत होता.

चाल आईची, असं ती सगळीकडं सांगते.
आई म्हणजे नरसूबाई चिप्पा. मांडीवर सूप,
भिजवलेली पानं, हजार विड्यांचा हिशेब.
गुणगुणणं तेलुगूत, शिव्या मराठीत,
पानं मोजून देणाऱ्याशी भांडण कन्नडात.
भार्गवीची गाणी तशीच:
एका भाषेत घर सोडतात, दुसरीत जेवतात,
रात्री कुठं टेकतील सांगता येत नाही.

मुजम्मिलची क्लॅरोनेट वरातीतली.
कितीही दुःखाचं गाणं द्या,
तिला घोड्यावरचा नवरदेव दिसायचा.
गड्ड्याच्या जत्रेत आम्हाला जागा मिळाली
मौत का कुआँच्या बाजूला.
मोटारसायकल वर चढली की खालचा सूर आपोआप भरायचा.
लोक थांबायचे. भजी संपली की जायचे.
भार्गवी म्हणायची, "भजी संपेपर्यंत तरी आपले हायेत की बे."

मग पुण्याचा ओजस.
चांगला मुलगा, खोटं कशाला बोलू.
त्यानं गाणं नेलं, धुतलं, वाळवलं, इस्त्री करून पाठवलं.
मागाचा आवाज पुसून टाकला होता, अगदी मुळापासून.
तिनं ते घरी लावलं.
नरसूबाईंचे हात सुपावर तसेच राहिले.
"माग का थांबलेत गं?" त्यांनी विचारलं.
"कुणी मेलं काय?"

भार्गवीनं ओजसला एवढंच कळवलं: माग परत घाल.
तो म्हणाला, डिलीट झालाय.
मग ती शोधत गेली, कारखान्यात, मग विणकर वसाहतीत,
लवकर जेवणारा तो माणूस कोण.
अंबादास म्याकल. रात्रपाळीला होता.
फोन समोर धरून ती उभी राहिली,
आणि तो मध्येमध्ये धागा तुटला की थांबायचा,
गाठ मारायचा, पुन्हा सुरू.
ती थांबणंही तिनं गाण्यात ठेवलं.
खाली नावं आली. माग: अंबादास म्याकल.
त्यानं विचारलं, "ह्याचा पगार किती?"

वर्षाचे अकराशे चाळीस रुपये आले.
तिनं पाच वाटे केले. आईचा एक.
नरसूबाईंनी पैसे घेतले, नाव काढायला सांगितलं:
विडीवर कुठं नाव असतं वळणारीचं.
नाव राहिलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

मी तोवर फायनान्स कंपनीत लागलो होतो,
वसुलीला. बार्शी, मोहोळ, कधी अक्कलकोट.
हलगी आईनं कपाटावर ठेवली, वर गाद्या.
आता भार्गवीचं गाणं गावोगाव हिंडून पूर्ण होतं.
हुबळीचा कुणी तार छेडून पाठवतो,
वरंगळहून कुणी कोरस.
ज्यांच्यासोबत गायली त्यातले निम्मे
तिनं समोर पाहिलेले नाहीत.

परवा जुळे सोलापुरात
फ्रिजचे चार हप्ते थकलेल्या घरी गेलो.
दार बंद. आत तिचं नवं गाणं चालू.
मध्येच माझी हलगी आली,
त्या गोदामातली, जुनी, कापून जोडलेली.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
चौदा सेकंद. मी मोजले.
आत कुणीतरी भांडं वाजवून ठेका धरला होता,
थोडा चुकत.
बेलवरचं बोट मी काढून घेतलं,
ती चौदा सेकंद जाऊ दिली.
मग दाबली बेल.
गाणं बंद झालं.