शिंप्याचा स्नायू

अप्पा बळवंत चौकातून दोन कोश आणले.
एक इंग्रजीचा. दुसरा त्या भाषेचा,
जी आता कुणाच्याच घरी बोलत नाहीत.
दुकानदार म्हणाला, दुसरा परत आणलात तर अर्धे पैसे.
पहिल्याचं काही बोलला नाही.

ओतूरच्या शाळेत मी पेशीला पेशी म्हणत होते,
जठराला जठर.
इथे पहिल्याच आठवड्यात
सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढावं
तसं माझं अख्खं शरीर परक्या नावावर चढलं.

स्टर्नो-क्लायडो-मॅस्टॉइड.
फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरत असताना
तीन घासांत गिळलं.
खरं सांगू, मोठे शब्द येतात.
ते पाठ होतात, देवः देवौ देवाः सारखे,
शेपट्या बदलतात, पण नियमानं बदलतात.
मी अडते ती 'द'पाशी, 'ऑफ'पाशी, 'ऑन'पाशी.
ही चिल्लर कुठे द्यायची, कुठे मुठीत ठेवायची,
कळत नाही.

माझी रूममेट मर्लिन कॅम्पातली,
चिल्लर न मोजता देते.
पण 'लॅटिसिमस डॉर्साय'ला तिचीही जीभ अडखळली,
आणि त्या रात्री मला
लाज वाटावी इतकी छान झोप लागली.

एरवी झोप कुठली.
स्टेशनातल्या घोषणा खिडकीतून आत येतात,
तीन भाषांत तीनदा.
गाडी एकच,
तीही उशिरानं धावणारी.

अशाच एका रात्री कोशात सापडलं:
टिबिया म्हणजे बासरी, पटेला म्हणजे ताटली,
क्लॅव्हिकल, छोटीशी किल्ली.
आणि मसल म्हणजे उंदराचं पिल्लू!
एकटीच हसले.
आमच्याकडे दंडात बेटकुळी निघते.
त्यांना उंदीर दिसला, आम्हाला बेडूक,
कातडीखाली काहीतरी टुणकन हलतं
एवढ्यावर एकमत.

तोंडी परीक्षेत सोवनी मॅडमनी चिमट्यानं
एक लांब पट्टी उचलली,
कमरेच्या हाडापासून तिरपी
गुडघ्याच्या आतल्या अंगाला उतरणारी.
सार्टोरियस, मॅडम.
ॲक्शन?
फ्लेक्सेस द... द थाय... ॲट... ऑन...

चिल्लर संपली.

डोळ्यांसमोर ओट्यावरचे आण्णा,
मांडी घालून, दातांत दोरा,
कुणाच्या तरी सदऱ्याची काजं करणारे.
मी स्टुलावर बसले आणि मांडी घातली,
ॲप्रनसकट.
मॅडम बघत राहिल्या.
मग कागदावर काहीतरी लिहिलं. पाचपैकी तीन.
'द'चे दोन गेले असावेत.

संध्याकाळी फोन लावला.
आण्णा, तुमच्या मांडीत एक स्नायू आहे,
त्याचं नावच शिंपी.
पलीकडे मशीन थांबलं.
सकाळी उठताना दुखतो, तोच का गं?

नाही आण्णा, तो वेगळा.
त्याचं नाव पुढच्या आठवड्यात आहे.