सोळावी खुर्ची

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेसातला,
चतुःशृंगीच्या पायथ्याशी
जत्रा अजून नुसतं सामान होती.
मौत का कुआँच्या फळ्या, आडवे पडलेले प्लास्टिकचे घोडे,
आणि मधोमध सैदू मिस्त्रीचा साखळीपाळणा,
साखळ्या खाली सोडून
मिटलेल्या छत्रीसारखा.

मी सरकारी. यांत्रिकी विभाग.
हातात चार पानी फॉर्म, पिशवीत व्हर्निअर,
निवृत्तीला सात महिने.
तीस वर्षं पाळणे तपासते,
बसले एकातही नाही.
कुणी विचारलं तर सांगते, मला गरगरतं.
खरं म्हणजे मला वेल्डिंग दिसतं.

बोल्ट मोजले. पिना ओढून पाहिल्या.
नऊ नंबरच्या साखळीची कडी झिजलेली,
ती बदलायला लावली.
सैदू म्हणाला, "बार्शीला कुणी काही बोललं नव्हतं."
मी म्हटलं, "हे पुणं आहे."
पुण्यात हे वाक्य कुठल्याही गोष्टीला पुरतं.

मग भाराची चाचणी.
माणसांच्या आधी वाळू फिरवायची.
सिमेंटच्या जुन्या गोण्या, वाळूनं भरलेल्या,
प्रत्येकीच्या कमरेला पट्टा,
शाळेच्या पहिल्या दिवशी बसवलेल्या पोरांसारख्या
एका अंगावर कललेल्या.
खुर्च्या सोळा. गोण्या पंधरा.
एक रात्री कुणीतरी नेली,
कुणाच्या तरी बाथरूमला लागली असेल.

"तोल जाईल," सैदू डोकं खाजवत म्हणाला,
आणि मग, अगदी अदबीनं,
"मॅडम, आपलं वजन किती?"

तिकिटाच्या खोक्यात त्याची नगीना वेणी घालत होती,
दातांतली रिबीन तिनं हसून सोडली.
आमचा पेठकर फाइलीत तोंड घालून उभा,
त्याचे खांदे हलत होते.

हे नियमात बसत नाही.
मी बसले.

चपला खाली. पदर खोचलेला.
जनरेटर खोकला, मग लागला.
आधी पाय जमिनीवरून सुटले,
मग पोट,
मग हुद्दा.

कॉलेजात फळ्यावर हे गणित होतं:
वस्तू जड असो की हलकी,
साखळी कलते सारखीच, वस्तुमान दोन्हीकडून कटतं.
मार्क पडले होते पैकीच्या पैकी.
पण वाळूच्या पंधरा गोण्या माझ्यासोबत
एकाच कोनात तिरप्या होऊन उडताना
समोरच्या गोणीच्या पाठीवर '५० किलो' वाचत
मला ते गणित पहिल्यांदा
अंगावर आलं.

देवीच्या पायऱ्या गेल्या. विद्यापीठाची झाडी गेली.
सेनापती बापट रस्त्यावर कंपनीची बस,
खिडकीतल्या एका झोपाळू पोरानं वर बघितलं,
हात केला.
पायऱ्या परत आल्या.
मी ओरडले बहुतेक. पेठकर म्हणतो नाही.
तो माझ्या हाताखाली आहे, तो नाहीच म्हणणार.

पाळणा मंदावला तसं दिसलं:
पुढच्या गोणीला भोक होतं.
बारीक धार सुटत होती सगळा वेळ,
आणि खाली, तुडवलेल्या काळ्या मातीवर
वाळूचं एक वर्तुळ उमटलं होतं,
एका बाजूला जरा जाड,
वारा विद्यापीठाकडून होता ना.

उतरले. गुडघे माझे नव्हते.
नगीनानं चपला आणून दिल्या, उजवी डावीकडे ठेवून.
मी टेप काढला.
मधल्या खांबापासून वाळूपर्यंत
अर्जातल्या आकड्यापेक्षा दीड फूट जास्त.
"कुंपण दोन हात मागे घ्या," मी म्हटलं,
"उद्या इथे लोक लेकरं कडेवर घेऊन उभे राहतील."
सैदू या वेळी बार्शीचं काही बोलला नाही.

फॉर्मवर रकाना होता:
चाचणीसाठी वापरलेला भार, तपशील.
लिहिलं: वाळूच्या गोण्या, नग पंधरा.
पुढे पेन थोडं थांबलं.
इतर, नग एक.
सही केली, शिक्का मारला,
शिक्का जरा तिरपा पडला.