अकरावा वाटा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पैसे दिले
तेव्हा आडेलीच्या त्या कुणग्यात होतं काय?
कापलेल्या भाताची बुडखं,
ओल्या मातीत बगळ्यांची पावलं.
"पावती व्हयी?" सुगंधा धुरीने विचारलं.
वही शाळेची, वर मुलाचं नाव, इयत्ता सहावी.
आत अनुक्रमांक अकरा : मी,
शिलाई मशीन दुरुस्ती, वेंगुर्लं.
माझ्या वर पोस्टातल्या कामतबाई,
खाली बर्फाच्या कारखान्यातला इस्माईल होडेकर.

जिभेला सवय भाव विचारायची,
आणि इथे भावच नव्हता.
चैत्रापर्यंत दर गुरुवारी
जे येईल त्याचा पंचविसावा वाटा. बस्स.

त्या पैशांत तिने बी आणलं, पंप भरून घेतला.
पहाटेची एसटी पकडून बाजारात बसणं सुटलं,
अकरानंतर दहाची जुडी पाचाला,
आणि उरलेला माठ गुरांना.

पहिल्या गुरुवारी तोच माठ आला,
मुळांना माती, मातीत एक गोगलगाय.
दुसऱ्याला मुळा.
तिसऱ्यालाही मुळा.
मुळ्याची भाजी, मुळ्याची कोशिंबीर,
डाळीत मुळा;
चौथ्या दिवशी मुलीने डबा
न उघडता परत आणला.

पौषात वांदर आले. चाळीसेक.
दुधी, काकडी, मांडवावरची वाल.
टोपलीत एक केळफूल, मूठभर ओली हळद,
आणि चिठ्ठी :
'वांदरांनी खाल्ल्यानी. इतक्याच गावला.'

कामतबाई भडकल्या. आगाऊ पैसे घेऊन केळफूल?
मनीऑर्डरच्या फॉर्मामागे त्यांनी हिशेब मांडला.
मीही मांडला, खोटं कशाला बोलू.
इस्माईल म्हणाला, रापणीला जाळं फाटकं येतं
तेव्हा कोण कोणाकडे पैसे मागतं?
वांदरांचाही वाटा होता म्हणायचा, सव्विसावा,
फक्त वहीत नाव नव्हतं.

रविवारी गेलो. इस्माईलने जुनं जाळं आणलं,
कुंपणावरून ओढून बांधलं,
त्याला अजून खाऱ्या वाऱ्याचा वास.
कामतबाई छत्री घेऊन बांधावर बसल्या,
हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी.
बडवायची वेळ आली नाही, तरी दोनदा बडवला.
मी विहिरीच्या पायऱ्या मोजल्या : सतरा.
ती दिवसातून किती वेळा उतरते, विचारलं नाही.
ओटीवर तिच्या सासूचं मशीन दिसलं,
पायडल दाबलं तर रडलं.

हळद मात्र वर्षभर न मिळालेली.
नखं तीन दिवस पिवळी,
गिऱ्हाईक विचारी, घरात लग्न का?

आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत.
टोपलीत मशीनच्या तेलाची बाटली ठेवली,
आणि एक नवा पट्टा.

पुढच्या गुरुवारी
पट्ट्याचा काही निरोप नाही.
टोपलीत कोवळी वाल, दोन वांगी,
आणि तळाशी, पाल्यात गुंडाळलेला,
मुळा.